भिंतीवरची पाठ

मित्रांनो, ज्या गोट्याने ठोकून दुसरे दगड घडवतात, तसा मी एक जुना गोटा आहे. रंगाने करडा, आकाराने लंबगोल, मुठीत नीट बसेल एवढा. माझ्या एका टोकाला बारीक बारीक खळगे पडले आहेत. ती माझ्या कामाची खूण. आणि अंगावर आडवा एक तडा आहे. तो कामाने पडलेला नाही. त्याचीच गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे.

मी कुठल्या डोंगरातून निघालो ते मला आठवत नाही. आठवते ती नदी. तिने मला इतके लोळवले की माझे सगळे कोपरे झिजून गेले. एके दिवशी, पाणी ओसरलेले असताना, दोन भाऊ पात्रात उतरले. थोरला एकेक गोटा उचलून दुसऱ्यावर हलकेच आपटायचा, कान द्यायचा आणि टाकून द्यायचा. धाकटा काठावर बसून कंटाळला होता.

"दादा, किती वेळ बघणार आहेस? दगड तो दगड. सगळे सारखेच."

"बघत नाहीये रे, ऐकतोय," थोरला म्हणाला. "आत चीर असली की आवाज बद्द येतो. आणि हा ऐक, हा कसा खणखणतोय."

तो खणखणणारा गोटा म्हणजे मी. थोरल्याने मला सदऱ्याला पुसले आणि खिशात टाकले. माझ्या वजनाने त्याचा खिसा फाटला. घरी गेल्यावर बायकोची बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

त्या काळी काडेपेटी घरोघरी पोचली नव्हती. चूल पेटवायची तर चकमक झाडावी लागे. एका हातात पोलादाची पट्टी, दुसऱ्या हातात गारगोटीचा धारदार तुकडा. पट्टीवर तुकडा घासला की ठिणगी पडे आणि कापूस पेट घेई. असे तुकडे घडवणाऱ्यांची एक गल्लीच होती. गल्लीच्या टोकाला या दोघा भावांचे घर होते, आणि घराच्या मागच्या अंगाला कामाची खोली.

दगड घडवणे म्हणजे दगड फोडणे नव्हे, मित्रांनो. थोरला गारगोटीचा तुकडा डाव्या मांडीवर, जाड कातड्याच्या घडीवर धरी आणि उजव्या हातात मला घेई. दगडाच्या मधोमध मारले तर त्याचा नुसता चुरा होतो. काठाशी, किंचित तिरका घाव बसला, तर तोच दगड एखादा पापुद्रा सुटावा तशी लांब, पातळ ढलपी सोडतो. तिची धार अशी की बोट कापलेले रक्त दिसल्यावरच कळते. थोरला आधी दोन हलके ठोके मारून काठ साफ करी आणि मग तिसरा जड ठोका घाली. टक, टक, ठाक. हा त्याचा ठेका होता. धाकटा हलके ठोके मारत नसे. तो काठावर फुंकर घाली आणि एकच सरळ घाव देई. डोळे मिटूनही कुणाचा हात चालला आहे ते ओळखता येई.

खोली लांबट आणि बुटकी होती. मातीच्या भिंती पूर्वीच्या चुलीच्या धुराने काळ्या पडल्या होत्या. थोरला शेताकडच्या भिंतीला पाठ लावून बसे. धाकटा त्याच्या समोर, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून. दोघांच्या मध्ये टवक्यांचा ढीग. उजेडाला वर छपराशी एक झरोका. दार मात्र काम चालू असताना कायम लावलेले. गल्लीत सगळीकडे तीच पद्धत होती. बंद खोलीतच दगड नीट ऐकू येतो, असे त्यांच्या वडिलांनी सांगितले होते, आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. एका जरी ठोक्याला बद्द आवाज आला की तो तुकडा बाजूला. त्यामुळे या घरचा दगड कधी दगा देत नसे. व्यापारी लांबून येत आणि म्हणत, "भावांचा माल असेल तर बोला, नाहीतर पुढे जातो." तेव्हा मला धरलेली थोरल्याची मूठ जरा सैल व्हायची. तेवढ्यावरून मला कळायचे की तो खूश आहे.

प्रत्येक ठोक्याला पिठासारखी पांढरी धूळ उठे. ती खाली बसायला फार वेळ घेई. झरोक्यातून पडलेल्या उन्हात ती तरंगत असे, आणि तिच्यातूनच दोघे भाऊ एकमेकांशी बोलत.

थोरल्याच्या बायकोला धाकटा वहिनी म्हणे, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो. तिने थोरल्याचा खोकला सगळ्यांच्या आधी ऐकला. कोरडा, छोटा, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बसणारा. ती दार ढकलून आत आली.

"अहो, जरा अंगणात बसून करा ना काम. इथे जीव गुदमरतो."

"अंगणात वारा असतो. वाऱ्यात दगड ऐकू येत नाही."

"आणि तुमचा खोकला?"

"गल्लीत कोण खोकत नाही, सांग बरं?" थोरला हसला. हसताना पुन्हा खोकला.

ते खरे होते. गल्लीत सगळेच खोकत. त्याला आजार कुणी म्हणतच नसे. 'खोलीचा खोकला' म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. गल्लीत म्हाताऱ्या पुष्कळ होत्या, पण म्हातारा एकही नव्हता. याचे कुणाला नवल वाटत नसे.

पुढे थोरल्याला ढीग ओलांडून दारापर्यंत जाणेही जड झाले. तरी तो कामाला बसत होता. मग एक दिवस त्याचा हात मला घेऊन वर गेला आणि वरच राहिला. घाव पडलाच नाही. त्याने मला सावकाश मांडीवर ठेवले.

"धाकट्या, आजच्यापुरतं तू बघ. मी जरा पडतो."

तो पुन्हा त्या खोलीत आला नाही. शेवटचे दिवस तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपे, कारण आडवे झाले की श्वास पुरत नसे. वहिनी त्याच्या पाठीमागे बसून राही. गव्हाच्या सुगीत तो गेला.

मित्रांनो, त्यानंतर खोली बरेच दिवस बंद होती. मी अंधारात, कातड्याच्या घडीवर पडून होतो. दार उघडले तेव्हा धाकटा आत आला, दोन पावले चालला आणि जागीच थबकला. मग त्याने हाक मारली, "वहिनी, जरा येता?"

वहिनी आली. तिच्या मागून धाकट्याची बायकोही आली. तिला घरात धाकटीच म्हणत. तिघेही समोर बघत राहिले.

इतक्या वर्षांची पांढरी धूळ शेताकडच्या भिंतीवर थरावर थर बसली होती. फक्त जिथे थोरला टेकून बसत असे, तिथे धुळीला जागाच मिळाली नव्हती. तेवढी भिंत काळी राहिली होती, त्याच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेली. वर डोक्याचा गोल, खाली जरा वाकलेली मान, रुंद खांदे. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली, कारण तो डाव्या मांडीवर दगड धरायचा. माणूस गेला होता आणि त्याची पाठ भिंतीवर राहिली होती.

धाकट्याने कोपऱ्यातले फडके उचलले. वहिनी पटकन म्हणाली, "नको. राहू द्या."

त्या दिवसापासून धाकटा एकटाच कामाला बसू लागला. समोर ती काळी आकृती. तो मान वर करायचे टाळी. त्याने स्वतःचा गोटा बाजूला ठेवला आणि मला हातात घेतले. आधी फुंकर घालून एक सरळ घाव, हाच त्याचा हात होता. पण काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की फुंकर बंद झाली आहे. टक, टक, ठाक. पुन्हा टक, टक, ठाक.

एका दुपारी दार धाडकन उघडले. वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. थोरला असताना ती याच वेळी त्याला पाणी आणून देत असे.

"भाऊजी, तुम्ही त्यांच्यासारखं का ठोकताय?"

"कुणासारखं?"

"मी कणीक मळत होते. हे ठोके ऐकले आणि उठून तांब्या भरला. दाराशी आले तेव्हा आठवलं. थांबवा हे. मला सहन होत नाही."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. "वहिनी, देवाशपथ, मी मुद्दाम नाही करत. हा गोटा हातात घेतला की हात आपोआप तसाच पडतो."

खरे सांगू, मित्रांनो? मी काहीच करत नव्हतो. दगडाला ठेका नसतो. पण वर्षानुवर्षे जो आवाज समोरून येत होता तो बंद पडला, तेव्हा धाकट्याच्या हाताने ती रिकामी जागा भरून काढली असावी.

वहिनीने त्याला तो गोटा टाका, असे मात्र म्हटले नाही. ती रोज संध्याकाळी खोलीत रेंगाळू लागली. भिंतीसमोर उभी राहून हलक्या आवाजात दिवसभराचे सांगे. गाय आटली आहे. धाकटीला दिवस गेले आहेत. समोरच्या आजी कानाने पार गेल्या आहेत, पण भांडण बरोबर ऐकतात. मी तिथेच असे, म्हणून ऐकत असे. आणि भिंतीवर एकट्या धाकट्याच्या कामाची नवी धूळ हळूहळू येऊन बसत होती. आता त्या जागी अडवायला कुणी नव्हते. खांद्यांच्या कडा पुसट होऊ लागल्या होत्या. वहिनी तोंडाने फुंकर मारून ती धूळ उडवी.

मग धाकट्याला खोकला लागला.

तोच खोकला. कोरडा, छोटा, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बसणारा. धाकटी ताक घेऊन आली होती. तिच्या मागोमाग वहिनीही आत आली. उबळ आवरेना म्हणून धाकटा उठला आणि भिंतीला हात टेकत दाराबाहेर गेला. तो जिथून उठला, तिथे दोघींची नजर गेली.

स्वयंपाकघराकडच्या भिंतीवरही पांढऱ्या धुळीत एक काळी आकृती होती. थोरल्यापेक्षा बारीक, खांदे अरुंद, मान सरळ. तिचा माणूस अजून जिवंत होता. बाहेर अंगणात खोकत होता.

"जाऊबाई," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली, "ते भिंतीवर काय आहे?"

वहिनीने तिचा दंड धरला आणि तिला दाराकडे वळवले. "ओल आली असेल. चल, तू इथे थांबू नकोस."

त्याच संध्याकाळी वहिनीने विषय काढला. "भाऊजी, शेताकडच्या भिंतीला मोठी खिडकी पाडू या. समोर दार आहेच, तेही उघडं ठेवायचं. वारा आरपार जाईल."

"वाऱ्यात दगड ऐकू येत नाही, वहिनी. दादाने, बाबांनी..."

"त्या सगळ्यांना दगड ऐकू आला," वहिनी म्हणाली, "आणि समोर बसलेल्या भावाचा खोकला ऐकू आला नाही?"

धाकटा म्हणाला, "आणि ती भिंत पाडायची म्हणजे... दादा आहे तिच्यावर."

"माहीत आहे मला कोण आहे ते."

तो तयार झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माल घेऊन तो बाजाराला गेला. धाकटी कपडे धुवायला नदीवर गेली होती. वहिनी खोलीत आली आणि तिने आतून दार लावून घेतले. पहार तिला सापडली नाही. गल्लीतल्या कुणीतरी ती गारगोटीच्या खाणीवर नेली होती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले.

तिच्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. हात लहान होता, आणि ओला. ती भिंतीसमोर उभी राहिली. तिने दुसऱ्या हाताचा तळवा त्या उतरत्या डाव्या खांद्यावर ठेवला. रोज बोलायला किती असायचे, त्या दिवशी तिला काही सुचेना.

शेवटी ती म्हणाली, "अहो, जरा सरका. वारा येऊ द्या."

आणि तिने मला त्या खांद्यावर हाणले.

मातीची भिंत जाड होती. पहिल्या घावाला वरचा काळा पोपडा तेवढा निघाला. ती मारत राहिली. तिला काठ, तिरका घाव, असले काही माहीत नव्हते. ती मधोमध मारत होती, जसे कधीच मारू नये तसे. मी आजवर कधी इतका आपटलो नव्हतो. धुळीचा लोट उठला आणि त्यात तिचे हुंदके, तिचा खोकला, माझा आवाज, सगळे एक झाले. मान गेली. डोके गेले. पाठीच्या मधोमध मातीत पुरलेला एक मोठा दगड होता. त्याच्यावर मी आदळलो आणि माझ्या आत काहीतरी सुटले. पुढच्या घावाला माझा आवाज बद्द आला.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडले. समोरच्या आजी शेताच्या बांधावरून येत होत्या. "अगं, भूकंप झाला का काय? काय करतेस?"

"खिडकी!" वहिनी आतून ओरडली.

आजींना ते ऐकू आले नसावे. पण भिंतीतून मातीचे ढेकूळ बाहेर पडले आणि त्या भोकातून वहिनीचा पांढराफटक चेहरा दिसला, तेव्हा त्या समजल्या. त्यांनी नवरा गमावला होता, दीर गमावला होता. त्या घरी गेल्या आणि पहार घेऊन आल्या. "सरक," त्या म्हणाल्या. "बाहेरून मी पाडते."

धाकटा परतला तेव्हा सूर्य कलला होता. खोलीत माणूस उभा राहील एवढे भगदाड होते आणि त्यातून शेतावरचा वारा सरळ आत येऊन दाराने बाहेर जात होता. वहिनी टवक्यांच्या ढिगाशेजारी बसली होती. तिच्या हाताची कातडी सोलवटली होती आणि मी तिच्या मांडीवर होतो. धाकट्याने भिंत पाहिली. तिथे आता मावळतीचा उजेड होता.

"दादाला पाडलंत," तो म्हणाला.

"हो."

तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनीने त्याला रडू दिले.

नंतरचे दिवस सोपे गेले नाहीत, मित्रांनो. वाऱ्यात त्याला खरेच दगड ऐकू येईना. आत चीर असलेले तुकडे मालात जाऊ लागले. व्यापाऱ्याने ते परत आणून ओट्यावर ओतले आणि म्हणाला, "थोरल्याबरोबर हात गेला वाटतं या घराचा." गल्लीतले लोक त्या खिडकीला हसत. धाकट्याने दोनदा तिला पोते लावले, वहिनीने दोन्ही वेळा काढले. मग हळूहळू तो दगड बोटांनी ऐकायला शिकला. तुकडा सैल धरायचा, हलकेच ठोकायचा. आत चीर असली तर बोटांना झिणझिणी येते. त्याच्या मुलीला दात आले तेव्हा व्यापारी पुन्हा दाराशी आला होता.

गल्लीतल्या सगळ्यांनी भिंती पाडल्या, असे मी सांगणार नाही. काहींनी पाडल्या. काही घरांतून मी पुढेही तो खोकला ऐकला, आणि एके दिवशी तो थांबलेलाही ऐकला. धाकट्याचा खोकला गेला नाही, पण वाढलाही नाही. त्याचे केस पिकले. गल्लीत केस पिकलेला तो पहिला पुरुष. पोरे त्याला बघायला यायची.

मी मात्र कामातून गेलो होतो. तडा गेलेल्या गोट्याने दगड घडत नाही. माझी कुणी वाखाणणी केली नाही, की मला कुणी फेकूनही दिले नाही. मी टवक्यांच्या ढिगाजवळ एका कोपऱ्यात पडून राहिलो. आणि तिथून मला एक गोष्ट दिसली, जी उभ्या माणसांना दिसली नव्हती.

ती खोली रोज संध्याकाळी झाडली जात असे. काम संपले की पुरुष उठून हातपाय धुवायला जात, आणि मग वहिनी केरसुणी घेऊन येई. खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा एकदा वर उठे, आणि तिच्यात ती वाकून उभी असे. लग्न होऊन आली तेव्हापासून. तिलाही खोकला होता. पण ती तोंडावर पदर धरून खोकायची, आणि घरात सगळ्यांचे कान पुरुषांच्या छातीकडे लागलेले. तिचेही.

एका संध्याकाळी धाकटा विसरलेला सदरा न्यायला परत आला. वहिनी केरसुणी भिंतीला टेकवून, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंडाने श्वास घेत होती. दादाच्या शेवटच्या दिवसांतला तो आवाज त्याने लगेच ओळखला.

"वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून? वय झालं आता."

"ती केरसुणी इकडे द्या."

"अहो भाऊजी, पुरुषमाणसानं..."

"द्या म्हणतो ना."

त्याने आधी बादलीभर पाणी शिंपडले, धूळ बसवली आणि मग झाडायला घेतले. वहिनी खिडकीत जाऊन बसली. तिला काय करावे ते कळेना. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. मग तिने मला उचलून मांडीवर घेतले. तिचा श्वास घासत आत जात होता आणि घासत बाहेर येत होता. त्यापुढे ती फार वर्षे जगली नाही. पण जगली तोवर तिने पुन्हा खोली झाडली नाही.

मित्रांनो, मी तडकलेला गोटा. मला कुणी जपावे असे माझे काही मागणे नाही. पण तुमच्या घरात, शेजारात कुणी काही घडवत असेल, कापत असेल, घासत असेल, तर त्याने केलेल्या वस्तूचे कौतुक करण्याआधी त्याच्या पाठीमागची खिडकी उघडी आहे का, ते बघा. आणि तो उठून गेल्यावर ती जागा जी कुणी झाडते, तिच्या हातातली केरसुणी क्षणभर आपल्या हातात घ्या. तिला विचारा, "तुला दम तर लागत नाही ना?" ती नाही म्हणेल. तरी जरा वेळ तिथेच थांबा, आणि नीट ऐका.